मधातील भेसळ : तपासणीचे विज्ञान आणि आरोग्य

प्रस्तावना :
मध हा केवळ अन्नपदार्थ नाही. आयुर्वेदात औषधाचे अनुपान आणि पूजेत पंचामृताचा घटक म्हणूनही त्याला स्थान आहे. त्यामुळे त्यातील भेसळ ही पैशांइतकीच विश्वासाचीही फसवणूक ठरते. ‘शुद्ध मध’ या शब्दांमागे कोणता वैज्ञानिक आधार असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मधाचे स्वरूप व घरगुती कसोट्या :
मधात सुमारे ८० टक्के शर्करा असून ती मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज या रूपांत असते. उर्वरित भाग पाणी व अल्प प्रमाणातील विकरे, आम्ले, परागकण यांचा असतो. औद्योगिक पाकातही याच शर्करा असू शकतात. म्हणून चव वा रंग यांवरून भेसळ खात्रीने ओळखता येत नाही. पाण्यात थेंब सोडणे किंवा मधात भिजवलेली वात पेटवणे या कसोट्या दाटपणा व ओलावा यांपलीकडे फारसे सांगत नाहीत; घट्ट पाकही त्यांत उत्तीर्ण होतो. याउलट, मध रवाळ होणे ही ग्लुकोजचे स्फटिक बनण्याची नैसर्गिक क्रिया असूनही तिच्यावरून भेसळीचा संशय घेतला जातो.

प्रयोगशाळेतील तपासणी :
ऊस व मका या ‘सी-४’ प्रकारच्या वनस्पती आहेत, तर मधमाश्यांना मकरंद पुरविणाऱ्या बहुतेक वनस्पती ‘सी-३’ प्रकारच्या असतात. प्रकाशसंश्लेषणातील या भेदामुळे ऊस-मक्याच्या शर्करेत कार्बन-१३ या समस्थानिकाचे प्रमाण किंचित अधिक आढळते. समस्थानिक चाचणी याच फरकावर आधारलेली आहे. मात्र तांदूळ व बीट याही ‘सी-३’ वनस्पती असल्याने त्यांचा पाक या चाचणीतून निसटतो. त्यासाठी न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स (एनएमआर) तंत्राने नमुन्याचा रासायनिक आलेख काढून तो अस्सल मधांच्या आलेखांशी ताडून पाहतात. अर्थात, तुलनेच्या संचात स्थानिक मधांचा समावेश असणे येथे आवश्यक ठरते.

२०२० साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने १३ कंपन्यांचा मध तपासून घेतला. बहुतेक नमुने देशातील मूलभूत चाचण्यांत उत्तीर्ण झाले. परंतु जर्मनीतील एनएमआर तपासणीत केवळ ३ कंपन्यांचा मध टिकला. प्रमुख कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. तथापि, एकच मध एका कसोटीवर शुद्ध व दुसरीवर अशुद्ध ठरू शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

आरोग्यावरील परिणाम :
असा पाक हे विष नव्हे. पण औषध म्हणून घेतलेल्या चमच्यातून केवळ साखर पोटात जाते. मधाची जंतुरोधक शक्ती आम्लता, अल्प जलांश व विकरांपासून बनणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांवर अवलंबून असते. पाकाच्या मिश्रणाने ती उणावते. मात्र शुद्ध मधानेही रक्तातील साखर वाढते. तसेच बॉट्युलिझमच्या धोक्यामुळे एक वर्षाखालील बालकास कोणताही मध देऊ नये.

निष्कर्ष :
स्वस्त पाकाशी स्पर्धा करताना प्रामाणिक मधपाळाचा माल महाग ठरतो आणि तो व्यवसायातून बाहेर फेकला जातो. मधमाश्यांच्या परागीभवनाचा लाभ शेतीस होत असल्याने ही हानी मधापुरती मर्यादित राहत नाही. म्हणून ‘शुद्ध’ या शब्दासोबत ‘कोणत्या चाचणीनुसार?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ग्राहकांत रुजविणे अगत्याचे आहे.