व्हिडिओ खेळांतील अतिसाहसी प्रसंगांची विश्वसनीयता

साहसप्रधान व्हिडिओ खेळांतील अतिशयोक्त संकटप्रसंग खेळाडूला कितपत पटतात व ते कशामुळे पटतात, यासंबंधीची संकल्पना. कोसळत्या इमारतीतून धावत सुटणे, दरीवर लोंबकळणाऱ्या रेल्वेच्या डब्यातून वर चढणे, आकाशात फुटलेल्या विमानातून पडत असता सुटकेचे साधन पकडणे, हे अशा प्रसंगांचे परिचित नमुने होत. व्यवसायात त्यांना ‘सेट पीस’ असे म्हणतात. हे प्रसंग वास्तवात जवळजवळ अशक्य असतात, हे खेळाडू जाणून असतो. तरीही त्यांतील काही प्रसंगांत त्याचा श्वास रोखला जातो, तर काहींत त्याला हसू येते. हा फरक वास्तवाशी असलेल्या जवळिकीने क्वचितच ठरतो. खेळाने स्वतः शिकविलेल्या नियमांशी तो प्रसंग किती एकनिष्ठ आहे, यावर तो प्रामुख्याने अवलंबून असतो.

हा प्रश्न नवा नाही. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने आपल्या काव्यशास्त्रात न पटणाऱ्या शक्य घटनेपेक्षा पटणारी अशक्य घटना कवीने पसंत करावी, असे मत मांडले. सॅम्युएल टेलर कोलरिज (१७७२–१८३४) याने १८१७ मध्ये, वाचक आपला अविश्वास स्वेच्छेने बाजूस ठेवतो, ही कल्पना प्रचारात आणली. भारतीय साहित्यशास्त्रात या विषयाची अधिक नेमकी चर्चा आनंदवर्धनाच्या ध्वन्यालोकात (नववे शतक) आढळते. केवळ मानव असलेल्या राजाने सप्तसमुद्र उल्लंघिल्याचे वर्णन कितीही सुंदर असले, तरी ते नीरस होते आणि त्याचे कारण अनौचित्य हे होय, असे तो सांगतो. तेच कृत्य दिव्य पात्राच्या बाबतीत मात्र खटकत नाही. म्हणजे दोष पराक्रमाच्या आकारमानात नसून पात्राची प्रकृती व त्याचे कृत्य यांच्या विजोडपणात आहे. हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी व्हिडिओ खेळांना आश्चर्यकारक रीत्या लागू पडते. कारण या खेळांचे बहुतेक नायक घाम गाळणारे, धडपडणारे, विनोद करणारे असे ‘केवळ मानव’ म्हणूनच सादर केलेले असतात.

चित्रपट व खेळ यांत येथे एक महत्त्वाचा भेद आहे. ‘स्टीमबोट बिल, ज्यूनियर’ (१९२८) या मूकपटात घराची संपूर्ण दर्शनी भिंत बस्टर कीटनवर कोसळते आणि तो नेमका खिडकीच्या मोकळ्या जागी उभा असल्यामुळे वाचतो. योगायोग अविश्वसनीय, परंतु भिंत खरी होती व तिच्याखाली उभा असलेला देहही खरा होता. चित्रपटातील साहसाला असा पुरावा मिळू शकतो. व्हिडिओ खेळात तो मिळत नाही, कारण तेथे कोणाचाच देह धोक्यात नसतो. त्याऐवजी खेळाजवळ दुसरा पुरावा असतो व तो म्हणजे खेळाडूचा स्वतःचा हात. उडी त्याने मारलेली असते, चूकही त्याचीच असते. हा पुरावा जोपर्यंत शाबूत आहे तोपर्यंत खेळाडू पुष्कळ काही मान्य करतो.

प्रारंभीच्या खेळांत नियमांचा हा करार अगदी उघड होता. डेव्हिड क्रेन याने रचलेल्या ‘पिटफॉल!’ (१९८२) मध्ये नायक मगरींच्या डोक्यांवरून उड्या मारीत तळे ओलांडतो. पण मगरीने जबडा उघडला असता काय होईल, हे प्रत्येक वेळी ठरलेले असते. जॉर्डन मेक्नर याने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) या खेळासाठी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्याचे व उड्यांचे चित्रण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्यामुळे राजपुत्राला वजन आले. धावताना थांबण्यास त्याला काही पावले लागतात. दोन मजल्यांएवढ्या उंचीवरून पडल्यास इजा होते, तीन मजल्यांवरून पडल्यास मृत्यू येतो. इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाइन या संस्थेच्या ‘टूम रेडर’ (१९९६) मध्ये सारे जग समान मापाच्या चौरस ठोकळ्यांचे होते. उभ्याने घेतलेली उडी व धावत घेतलेली उडी यांची लांबी ठरलेली असल्यामुळे दरीच्या काठावर उभा असलेला खेळाडू अंतर मोजून निर्णय घेत असे. लारा क्रॉफ्टच्या उड्या मानवी क्षमतेच्या पलीकडच्या होत्या. तथापि त्या कोणालाही खोट्या वाटल्या नाहीत.

पुढे यंत्रांची चित्रणशक्ती वाढली आणि चित्रपटाशी स्पर्धा सुरू झाली. नॉटी डॉग या कॅलिफोर्नियातील संस्थेची ‘अनचार्टेड’ ही मालिका (२००७ पासून) हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. तिचा नायक नेथन ड्रेक हा खजिन्यांचा शोधक. वृत्तीने गमत्या, नशिबावर भिस्त ठेवणारा. मालिकेच्या दुसऱ्या भागाचा (‘अमंग थीव्ह्ज’, २००९) प्रारंभच गोळी लागलेला ड्रेक हिमाच्छादित कड्यावरून लोंबकळणाऱ्या डब्यात शुद्धीवर येतो, या दृश्याने होतो. गाडी येथे कशी आली, हे खेळाडूला पुष्कळ नंतर कळते. त्यापूर्वी नेपाळमधील एका प्रसंगात हेलिकॉप्टरच्या माऱ्याने ड्रेक ज्यात आहे ते हॉटेल कलंडते. जमीन तिरपी होते, फर्निचर घसरू लागते, आणि या सर्व काळात खेळाडूच्या हातचे नियंत्रण सुटत नाही. कलंडत्या दालनात तो शत्रूंशी लढतच राहतो व अखेरीस खिडकीतून शेजारच्या इमारतीत झेप घेतो. पूर्वी असे दृश्य दाखवायचे तर खेळ थांबवून चित्रफीत दाखविली जाई आणि खेळाडू प्रेक्षक होई.

याच भागातील रेल्वेचा प्रसंग या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. धावत्या गाडीचा आभास निर्माण करण्याची सोपी रीत म्हणजे गाडी स्थिर ठेवून भोवतालचा देखावा मागे सरकविणे. चित्रपटगृहात ती खपून जाते. येथे मात्र निर्मात्यांनी गाडीच खरोखर लांबलचक लोहमार्गावरून चालविली आणि हलत्या पृष्ठभागावर चढणे, लपणे, लढणे या सर्व क्रिया शक्य व्हाव्यात म्हणून स्वतंत्र यंत्रणा उभारली. परिणामी वळणावर पुढचे डबे खरोखर वळलेले दिसतात, नायकाच्या पायांखालचा डबा कलतो, शत्रूवरचा नेम त्या कलण्यामुळे चुकतो. ड्रेकवर यापूर्वी लागू असलेला एकही नियम येथे रद्द होत नाही. फक्त जमीन धावू लागते. गाडी थोड्याच वेळात नेपाळच्या दाट अरण्यातून हिमप्रदेशात पोहोचते. वास्तविक तराईतील अल्प लांबीचा मार्ग वगळता नेपाळात रेल्वे नाही, आणि हिमालय चढणारी तर मुळीच नाही. ही चूक भूगोलाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला दाखविता येईल. तरीही खेळताना ती आड येत नाही, कारण खेळाडूचा विश्वास नकाशावर नसून पायांखालच्या डब्यावर असतो.

याउलट, मालिकेतील सर्वांत अशक्य गोष्ट बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ती म्हणजे पडता पडता कडेला हाताने धरणे. पाच मीटर खाली पडलेल्या देहाचा वेग, हवेचा रोध वगळल्यास, ताशी सु. ३५ किमी. होतो. अर्ध्या मीटरच्या अंतरात तो शून्यावर आणायचा, तर हातांवर सरासरी देहभाराच्या अकरा पट ओढ बसते. ७५ किग्रॅ. वजनाच्या माणसाच्या बाबतीत ही ओढ सु. ८२५ किग्रॅ. भाराइतकी होईल. बोटे व खांदे यांचे काय होईल, हे सांगावयास नको. ड्रेक हे वारंवार करतो व प्रत्येक वेळी फक्त कण्हतो. या कण्हण्याला कमी लेखता येणार नाही. ज्याची हानी दाखविता येत नाही, त्याची किंमत आवाज, श्वास व हालचालीतील अडखळ यांनी चुकविली जाते आणि खेळाडू ती पावती स्वीकारतो. वास्तवापासून जाणूनबुजून दूर जाऊनही विश्वास वाढविता येतो. पुष्कळ खेळांत नायकाचा पाय कडेवरून सुटल्यानंतरही क्षणाच्या अल्पांशापुरती उडी मारण्याची सवलत असते. व्यंगपटांतील हवेत धावणाऱ्या कोल्हासदृश प्राण्यावरून तिला ‘कायोटी टाइम’ असे नाव पडले आहे. ‘सेलेस्ट’ (२०१८) मध्ये तिचा उत्तम उपयोग केलेला आढळतो. भौतिकीच्या दृष्टीने ही सवलत निरर्थक, पण ती नसेल तर ‘मी वेळेवर उडी मारली होती’ अशी तक्रार खेळाडू करतो व त्याच्या दृष्टीने ती रास्त असते.

सवलत व फसवणूक यांतील सीमारेषा मात्र पुसट आहे. ‘बायोशॉक’ (२००७) मध्ये शत्रूची पहिली गोळी चुकावी अशी गुप्त योजना होती, हे २०१७ मध्ये त्याच्या रचनाकारांपैकी एकाने उघड केले. ‘अनचार्टेड’च्या बाबतीत, पडद्याच्या कडा लाल होणे हे जखमांचे चिन्ह नसून ड्रेकचे नशीब संपत आल्याचे चिन्ह होय व त्याला गोळी लागते ती केवळ शेवटची, असे स्पष्टीकरण चौथ्या भागाच्या अ‍ॅनिमेशनमध्ये सहभागी असलेल्या जॉनथन कूपर यांनी २०१८ मध्ये दिले. स्पष्टीकरण चतुर आहे आणि ते नायकाच्या प्रकृतीशी जुळते. परंतु खेळताना ते कोणाच्या ध्यानी येत नसेल, तर विश्वासाला त्याचा आधार कितपत मिळतो, याविषयी शंका राहते. अधिक गंभीर प्रकार म्हणजे जेथे काठी फक्त पुढे दाबून धरली की पूल नायकाच्या मागोमाग कोसळत जातो आणि तो आपोआप वाचतो, असे पाठलाग. तेथे पराक्रम खेळाडूचा राहत नाही. त्याच्या हातचा पुरावा काढून घेतलेला असतो आणि हे त्याला लवकरच कळते.

ते कळण्याचा हमखास क्षण म्हणजे अपयश. चित्रपटातील थरारक सुटका एकदाच घडते. खेळात नायक मरतो व प्रसंग पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या खेपेस तीच तुळई त्याच क्षणी पडते, तोच शत्रू त्याच दारातून येतो, आणि केसाच्या अंतराने हुकलेला मृत्यू हा पाठ केलेला धडा बनतो. याच संस्थेच्या ‘क्रॅश बँडिकूट’ (१९९६) मध्ये मागून गडगडत येणाऱ्या प्रचंड गोळ्यापुढे पडद्याच्या दिशेने धावण्याचा प्रसंग होता. तो दहा वेळा खेळला तरी बिघडत नसे, कारण तो कसरतीचा खेळ म्हणूनच मांडलेला होता. (‘अनचार्टेड’च्या चौथ्या भागात ड्रेक घरी बसून नेमका हाच प्रसंग खेळताना दाखविला आहे.) मात्र ज्या प्रसंगाचे सारे बळ आकस्मिकतेत आहे, त्याला पुनरावृत्ती मारक ठरते. त्यामुळे कुशल रचनाकार असे प्रसंग दिसतात त्यापेक्षा बरेच सोपे ठेवतात. या उपायाची अडचण वर आलीच आहे.

नायकाची प्रकृती व कृत्य यांतील विसंगती हा आनंदवर्धनाचा मूळ मुद्दा. कॅनडातील रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ची चर्चा करताना खेळाचे नियम व त्याची कथा परस्परविरोधी गोष्टी सांगतात, या दोषास स्वतंत्र संज्ञा दिली, मराठीत तिला खेळ-कथा विसंगती म्हणता येईल. ‘अनचार्टेड’वर हा आक्षेप वारंवार घेतला गेला. हसतमुख, मित्रांवर जीव टाकणारा ड्रेक एका साहसात शेकडो माणसे मारतो व त्यासंबंधी त्याला क्षणभरही काही वाटत नाही. कोसळत्या विमानापेक्षा ही गोष्ट अधिक अविश्वसनीय आहे. चौथ्या भागात (२०१६) एक हजार शत्रू मारणाऱ्या खेळाडूस हीच संज्ञा नाव म्हणून असलेले पारितोषिक मिळते. थट्टा निर्मात्यांनी स्वतःवरच केली. आक्षेप त्यामुळे दूर झाला नाही. ‘टूम रेडर’च्या २०१३ मधील नव्या अवतारात हाच दोष देहाच्या संदर्भात दिसतो. तरुण, अननुभवी लारा सुरुवातीसच अणकुचीदार गजावर पडते व तो तिच्या कुशीत रुततो. ती तो ओढून काढते, ओरडते, लंगडते. हे सर्व पाहवत नाही इतके वास्तव आहे. पण थोड्याच वेळात ती त्याच देहाने कडे चढते. वेदना इतकी खरी दाखविल्यावर तिचा विसर पडणे खेळाडूला जड जाते. कमी वास्तव असलेल्या १९९६ मधील लाराला ही अडचण नव्हती.

स्वीडनमधील ॲव्हलांच स्टुडिओजच्या ‘जस्ट कॉज २’ (२०१०) ने दुसरे टोक गाठले. त्याचा नायक कितीही उंचीवरून पडत असला, तरी जमिनीकडे आकडा फेकून स्वतःला तिच्याकडे ओढून घेतो व सुखरूप उतरतो. यापेक्षा हास्यास्पद कल्पना सुचणे कठीण. तथापि हा आकडा सर्वत्र, सर्वांना, सारखाच लागू असतो. त्याने वाहने एकमेकांस बांधता येतात, शत्रूला उलटे टांगता येते. तेथील महाप्रसंग लेखकाने रचलेले नसून खेळाडू स्वतः घडवितो, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या नायकाला दिव्य पात्राच्या कोटीत टाकावे लागेल.

भारतीय खेळाडूच्या दृष्टीने याच मालिकेतील ‘द लॉस्ट लेगसी’ (२०१७) उल्लेखनीय आहे. त्याचे कथानक पश्चिम घाटात घडते, होयसळांच्या हरवलेल्या खजिन्याचा शोध हा त्याचा विषय असून बेलूर व हळेबीड ही नावेही त्यात येतात. शेवटचा पाठलाग पुन्हा धावत्या रेल्वेवर योजिलेला आहे व तो दुसऱ्या भागातील प्रसंगाइतकाच पकड घेतो. मात्र रानात डोंगराएवढ्या देवमूर्ती व दरीवर उभारलेली अवाढव्य वास्तुशिल्पे दिसू लागली की, होयसळ मंदिरे पाहिलेला खेळाडू थबकतो. ती मंदिरे मृदू दगडात कोरलेली, ताराकृती जोत्यांवरची, उंचीने बेताची आहेत. त्यांचे वैभव कोरीव कामाच्या बारकाईत आहे. नेपाळात नसलेली रेल्वे ज्याने निमूट मान्य केली, त्याच खेळाडूला हळेबीडचा बदललेला आकार खटकतो.