शेवटचा डाव: ब्लॅकजॅक स्पर्धेतले पैजेचे गणित

ब्लॅकजॅकच्या स्पर्धेत खेळाडूचा खरा सामना शेजारी बसलेल्याशी असतो. टेबलावर सगळेजण सारख्या चिप्स घेऊन बसतात, वीस-पंचवीस किंवा तीस डाव होतात, आणि शेवटी ज्याच्यापुढे सर्वांत जास्त चिप्स तो पुढच्या फेरीत जातो. डीलरकडून भरपूर जिंकूनही शेजाऱ्यापेक्षा दहा चिप्स कमी पडल्या तर घरी जावे लागते. म्हणून आधीच्या सगळ्या डावांचा निकाल पुष्कळदा शेवटच्या डावातल्या एका पैजेवर लागतो.

खेळ मुळात सोपा आहे. पानांची बेरीज २१ च्या वर जाऊ न देता डीलरपेक्षा जास्त करायची. राजा, राणी आणि गुलाम यांचे प्रत्येकी १०, एक्क्याचा १ किंवा ११. पहिल्याच दोन पानांत २१ झाले तर ते ब्लॅकजॅक, आणि त्याला पैजेच्या दीडपट मिळते. डीलरला १७ होईपर्यंत पान घ्यावेच लागते. त्यामुळे तो साधारण २८ टक्के वेळा २१ ओलांडतो, म्हणजे फुटतो. नीट खेळणारा सुमारे ४३ टक्के डाव जिंकतो, ४८-४९ टक्के हरतो, उरलेले बरोबरीत सुटतात. पुढच्या सगळ्या हिशेबाला एवढे आकडे पुरतात.

पैसे लावून हा खेळ खेळायला मात्र महाराष्ट्रात आणि शेजारच्या तेलंगणातही मनाई आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. कॅसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. मराठी माणसाला जवळची कायदेशीर टेबले गोव्यातली. तिथे १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना मुभा मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांच्या टेबलांना. पणजीला मांडवीत उभी असलेली कॅसिनो जहाजे त्यातूनच आली. खुद्द गोवेकरांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत प्रवेश नाही. शेवटच्या डावाचे गणित समजून घ्यायला मात्र जहाज लागत नाही. घरात पत्त्यांचा कॅट आणि मूठभर चिंचोके असले की काम भागते, आणि चिंचोक्यांवर ते जास्त शांतपणे कळते.

शेवटच्या डावाआधी दोन गोष्टी नक्की माहीत हव्यात: कोणाकडे किती चिप्स आहेत, आणि पैज आधी कोणी लावायची. पहिल्या पैजेचा मान दर डावाला पुढच्या खेळाडूकडे सरकतो, म्हणून शेवटच्या डावात तो कोणाकडे येणार हे चार-पाच डाव आधीच मोजता येते. शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांच्या पैजा दिसतात. ही माहिती बऱ्याचदा शंभर-दोनशे चिप्सच्या आघाडीइतकीच मोलाची ठरते, आणि नवखे खेळाडू नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात.

उदाहरण घेऊ. आघाडीवरच्याकडे १०००, मागच्याकडे ८००. पैज कमीत कमी ५०, जास्तीत जास्त ५००.

मागच्याने आधी ५०० लावले. जिंकला तर त्याचे १३०० होतील. आता आघाडीवरच्याने त्याच्या मागोमाग जायचे, म्हणजे निदान ३१० लावायचे. दोघेही जिंकले तर १३१० विरुद्ध १३००. दोघेही हरले तर ६९० विरुद्ध ३००. दोन्हीकडे आघाडी टिकते. दोघांसमोर डीलर एकच असल्यामुळे त्यांचे नशीब बरेचसे जोडलेले असते. तो फुटला की हातात टिकलेले सगळेच जिंकतात. मागचा जिंकून पुढचा जिंकला नाही तरच आघाडी जाते, किंवा मागच्याची बरोबरी होऊन पुढचा हरला तर. त्याऐवजी आघाडीवरचा घाबरून ५० लावून बसला, तर मागच्याला फक्त आपला डाव जिंकायचा उरतो, आणि ती शक्यता ४३ टक्के आहे.

आघाडीवरच्याला आधी पैज लावावी लागली तर परिस्थिती जास्त अवघड, आणि चुकाही इथेच जास्त होतात. त्याने ५०० लावले असे समजू. मागचा शांतपणे २५० लावतो. पुढचा हरून ५०० वर आला, तर मागचा हरला तरी ५५० वर असतो. पुढच्याची बरोबरी होऊन १००० राहिले, तर मागचा जिंकून १०५० करतो. म्हणजे आघाडीवरच्याला जवळजवळ स्वतःचा डाव जिंकावाच लागतो, आणि त्याची शक्यता निम्म्याच्या खाली येते. हातात २०० ची आघाडी असताना!

त्याने ५० लावले तर मागचा ३१० लावेल. जिंकला तर १११०, आणि तेवढे पुढच्याच्या ब्लॅकजॅकलाही पुरून उरतात. तरी मागच्याला डाव जिंकावाच लागतो, त्यामुळे आघाडीवरच्याची शक्यता ५७ टक्क्यांच्या आसपास राहते. याहून चांगली पैज १९० ची. ती हरली तरी ८१० उरतात, म्हणजे मागचा हरला किंवा बरोबरीत राहिला तर काहीच बिघडत नाही. जिंकली तर ११९० होतात, म्हणून मागच्याला निदान ४०० लावावे लागतात. शिवाय आघाडीवरच्याकडे पाने पाहिल्यावर पैज दुप्पट करून १३८० पर्यंत जाण्याची वाट उघडी राहते. आघाडीपेक्षा किंचित कमी पैज लावण्याचा हा साधा वजाबाकीचा नियम, शेवटच्या डावातल्या बाकी सगळ्या युक्त्यांहून जास्त उपयोगी आहे.

पिछाडीवरच्याचे काम याच्या नेमके उलटे असते. पुढच्याने मोठी पैज लावली की याने हात आखडायचा, त्याने लहान लावली की याने मोठी लावायची. त्याच्यासारखेच खेळले तर फरक जिथल्या तिथे राहतो आणि मागचा मागेच राहतो.

पाने वाटल्यावरही निर्णय संपत नाहीत. वरच्या पहिल्या उदाहरणात मागच्याला ब्लॅकजॅक लागले तर त्याचे १५५० होतात. आता ३१० जिंकून भागत नाही. आघाडीवरच्याने पाने कशीही असोत, पैज दुप्पट करून १६२० चा प्रयत्न करायलाच हवा. एरवी १८ वर थांबणारा खेळाडू इथे आणखी एक पान मागतो, आणि तेच बरोबर असते. म्हणून सगळ्या चिप्स पैजेत ओतू नयेत. दुप्पट करायला किंवा सारख्या पानांची जोडी फोडून दोन हात खेळायला मागे काही राखलेले असावे.

स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकाने १९९२ मध्ये कॅसिनो स्पर्धांच्या डावपेचांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. २००४ मध्ये अमेरिकेत ब्लॅकजॅकची जागतिक मालिका दूरचित्रवाणीवर आली. २००६ च्या एका मालिकेने ८ व्या, १६ व्या आणि २५ व्या डावाला सर्वांत मागच्याला बाहेर काढायला सुरुवात केली. म्हणजे एका फेरीत शेवटच्या डावासारखे प्रसंग अनेकदा आले. तिथे खेळाडूला एकदा गुप्त पैजही लावता येई. ती शेवटच्या डावापर्यंत राखून ठेवणाऱ्याला आधी बोलण्याचा तोटा भरून काढता येत असे.

टेबलावर तिघे किंवा चौघे उरले असतील, तर आघाडीवरच्याला सगळ्यांवर एकदम पहारा ठेवता येत नाही. तेव्हा जवळच्या पाठलाग्याला रोखणारी पैज आधी ठरवायची आणि मग ती तिसऱ्याविरुद्ध किती पुरते ते पाहायचे. दोघे पुढे जाणार असतील तर हिशेब तिसऱ्या क्रमांकावरच्याशी करायचा. पहिल्याला गाठायची गरजच नसते.