आपल्या मुलखात डायलिसिस

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी चार-पाच तास डायलिसिस घ्यावे लागते. केंद्र तालुक्याच्या गावी असले तरी घरच्यांची ओढाताण होते. ते पाचशे किलोमीटरवर असेल तर?

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील किंटोर या वस्तीतल्या पिंटुपी आदिवासींपुढे हाच प्रश्न होता. उपचार हवे असतील तर ॲलिस स्प्रिंग्ज या शहरात कायमचे राहायला जायचे. तिथले आदिवासी ज्याला इंग्रजीत ‘कंट्री’ म्हणतात, ती नुसती जमीन नव्हे. पाणवठे, प्राणी, पूर्वज, त्यांच्या कथा आणि हे सारे सांभाळण्याची जबाबदारी त्यात येते. आपला ‘मुलूख’ हा शब्द त्याच्या जवळ जातो, पण पुरा पडत नाही. घरातले वडीलधारे शहरात गेले की नातवंडांना हे शिकवणारे कोणी उरत नाही. काही जण तर डायलिसिस सोडून घरी परतत. त्याचा अर्थ काय, हे त्यांना ठाऊक असे.

२००० साली किंटोर आणि किविरकुरा इथल्या चित्रकारांनी एकत्र बसून चित्रे काढली. सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातून २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झाले. ‘पर्पल हाउस’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची संस्था आज अनेक दुर्गम वस्त्यांत ही सेवा देते. डायलिसिस यंत्रे बसवलेला तिचा ट्रकही गावोगाव फिरतो. २०१८ पासून सरकारी आरोग्य विम्यातून अशा दुर्गम ठिकाणच्या डायलिसिससाठी पैसे मिळू लागले.

मुलखाशी असलेल्या नात्याचा शरीरावर परिणाम होतो का? केरिन ओ’डी या संशोधिकेने १९८२ मध्ये मधुमेह असलेल्या दहा आदिवासींना सात आठवडे त्यांच्या मूळ प्रदेशात पूर्वीसारखे राहायला नेले. शिकार, मासे, कंद हा आहार आणि भरपूर चालणे. वजन सरासरी आठ किलोंनी उतरले. उपाशीपोटीची साखर सुमारे २०९ वरून ११९ वर आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्नहेम लँडमधील २९८ प्रौढांच्या अभ्यासात, जे मुलखाची निगा जास्त राखत, म्हणजे वणवे टाळण्यासाठी वेळेवर गवत जाळणे, शिकार, कंदमुळे गोळा करणे अशी कामे करत, त्यांच्यात मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि मानसिक ताण कमी आढळला.

इथे एक डॉक्टर म्हणून सावध करतो. पहिला अभ्यास फार लहान होता. दुसऱ्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. ज्याची तब्येत चांगली तोच रानात जास्त जाऊ शकतो. तेव्हा हे वाचून कोणी इन्सुलिन किंवा गोळ्या बंद करू नयेत. पिंटुपींनीही यंत्र नाकारले नाही, ते आपल्या मुलखात आणले. त्यांच्याच भागातले ‘नंगकारी’ हे पारंपरिक उपचारकही डॉक्टरांच्या जोडीने काम करतात. डॉक्टरांना हटवून नव्हे.

अजूनही ऑस्ट्रेलियात आदिवासींचे सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे आठ वर्षांनी कमी आहे. जमिनी गेल्या, कित्येक पिढ्या मुले आईबापांपासून तोडली गेली. ते नुसत्या औषधांनी भरून येणारे नाही. म्हणूनच १९८९ च्या तिथल्या आदिवासी आरोग्य धोरणाने आरोग्याची व्याख्या करताना एका माणसाच्या शरीरापाशी न थांबता साऱ्या समाजाचे भावनिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्य त्यात धरले.

सरकारी रुग्णालयात एखादा रुग्ण उपचार अर्धवट सोडून गेला की केसपेपरवर ‘न सांगता निघून गेला’ अशी नोंद होते. तो कुठे गेला आणि तिथे त्याचे कोण होते, हेही विचारायला हवे. किंटोरमध्ये ते विचारले गेले, म्हणून उपचार रुग्णाच्या मागे गेले.