नोकरी गेली, मग आजारपणाच्या विम्याचे काय?

बंगळुरूच्या व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, इलेक्ट्रॉनिक सिटी या भागांत पुणे, नागपूर, कोल्हापूरकडून आलेली मराठी कुटुंबे आता कमी नाहीत. बऱ्याच घरांतले चित्र सारखेच असते. पगार चांगला, फ्लॅट हप्त्यावर आणि गावाकडच्या आईवडिलांची नावेही कंपनीच्या आरोग्य विम्यात घातलेली. विम्याचे कार्ड कपाटात पडून राहते. २०२२ च्या अखेरीपासून संगणक कंपन्यांत नोकरकपातीची लाट आली, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच जाणवले की पगार थांबला की हे कार्डही निकामी होते.

कंपनीचा विमा हा समूह विमा असतो. त्यात तरुण माणसे जास्त, म्हणून सगळ्यांचा मिळून हप्ता कमी बसतो आणि साठीच्या सासूबाईही स्वस्तात सामावून जातात. हे संरक्षण साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. त्यानंतर बाजारातून नवी पॉलिसी घेतली, तर वयाप्रमाणे हप्ता लागतो आणि प्रतीक्षाकाळही नव्याने सुरू होतो. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांसाठी ही मुदत ३६ महिन्यांपर्यंत असू शकते. २०२४ पूर्वी ती ४८ महिन्यांपर्यंत होती.

यातून वाट आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. समूह विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागता येते आणि आधी काढलेली वर्षे प्रतीक्षाकाळात मोजली जातात. मात्र हा अर्ज राजीनाम्याच्या किंवा नोटिशीच्या काळातच करा. निरोपसमारंभ आटोपल्यावर धावपळ करून फारसा उपयोग होत नाही. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून समूह पॉलिसीचा क्रमांक आणि आपण किती वर्षे त्यात होतो याचे पत्र लेखी घ्या. विमा कंपनी प्रकृतीची चौकशी करून हप्ता ठरवते. तो आकडा पाहून धक्का बसेल, पण म्हणून विषय सोडून देऊ नये.

पीण्याचे कारखाने किंवा कपड्यांच्या शिलाईचे उद्योग येथे काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. येथे काम सुटले तरी उपचार लगेच थांबत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणून वर्गणीच्या नोंदी नीट सांभाळाव्यात.

काटकसर कुठे करावी?

घरखर्चाला कात्री लावताना विमा सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतो, कारण त्यातून हाती काही दिसत नाही. पॉलिसी बंद करण्याऐवजी ती आकाराने बदलता येते. ३ लाखांची साधी पॉलिसी आणि त्यावर ‘सुपर टॉप-अप’, म्हणजे पहिल्या ३ लाखांनंतरचा खर्च उचलणारी दुसरी पॉलिसी, ही जोडी एकाच मोठ्या पॉलिसीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. हप्ता महिन्याने भरता येतो. चुकला तर मासिक हप्त्यासाठी १५ दिवसांची आणि वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवसांची सवलत असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे. एजंट जुनाच आकडा सांगत असेल तर जरूर विचारा.

मात्र स्वस्त पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असते आणि खरी गोम तिथेच आहे. समजा, विमा ३ लाखांचा आहे आणि मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. आपण ६,००० ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलो. खोलीचे ३०,०००, डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचे ८०,००० आणि औषधे-तपासण्यांचे ६०,००० असे १,७०,००० रुपयांचे बिल झाले. आपल्याला वाटते, फरक फक्त भाड्याच्या १५,००० चा. पण विमा कंपनी डॉक्टर व शस्त्रक्रियेची रक्कमही त्याच प्रमाणात निम्मी धरते. औषधे-तपासण्यांना ही कपात लागत नाही. शेवटी १,१५,००० मंजूर होतात आणि ५५,००० खिशातून जातात! भरती होतानाच ‘आमच्या पॉलिसीत बसेल अशी खोली द्या’ म्हणण्यात कमीपणा कसला?

अर्जात आजार लपवण्याचा सल्ला देणारे एजंटही भेटतात. ‘साखर लिहू नका, हप्ता वाढेल’ हे वाक्य ऐकले की त्याला चहा पाजून निरोप द्यावा. दावा फेटाळला गेला की भुर्दंड त्याला पडत नाही.

ज्यांना हप्ताच झेपत नाही, त्यांच्यासाठी कर्नाटकात जुना अनुभव आहे. शेतकरी सहकारी सभासदांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘यशस्विनी’ योजनेत महिना अवघ्या ५ रुपयांत शस्त्रक्रियांचे संरक्षण मिळे. बंगळुरूचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. २०१८ मध्ये ती ‘आरोग्य कर्नाटक’मध्ये विलीन झाली आणि पुढे नव्या रूपात पुन्हा सुरू झाली. ‘आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक’मध्ये गरीब कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, तर इतरांना ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के. पण त्यासाठी कर्नाटकचे रेशनकार्ड हवे.

आईवडील महाराष्ट्रातच राहत असतील, तर त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांचे संरक्षण आहे. आधारकार्ड घेऊन आधी ते कार्ड काढून घ्या आणि मगच त्यांच्यासाठी महाग पॉलिसीचा विचार करा.

दावा नाकारला गेला, तर प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे एक कार्यालय बंगळुरूतही आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीचे नकाराचे पत्र आल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवे.