स्टिअरिंगची ढिलाई आणि तिचे निदान (लेखांक सहावा)

पाटे व शॅकल बदलून जीप उंच करण्याच्या खटपटीचा विचार गेल्या आठवड्यात झाला. त्या खटपटीचे जे परिणाम कालांतराने चालकाच्या हातांना जाणवू लागतात, त्यांपैकी स्टिअरिंगला येणारा प्ले हा सर्वांत चिंताजनक असल्यामुळे आजचा संपूर्ण लेखांक मी त्यालाच देत आहे.

१९४७ पासून मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलीस जीपच्या आणि तिच्या वंशातल्या जुन्या महिंद्रा गाड्यांच्या पुढच्या अखंड ॲक्सलपर्यंत चालकाच्या हाताची आज्ञा स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड आणि नकल अशा अनेक मुक्कामांतून जाते, आणि प्रत्येक मुक्कामी झालेली केसभर झीज बेरजेने वाढत जाऊन स्टिअरिंगच्या कडेवर दोन-तीन बोटांइतकी होते. अशी तक्रार येताच कसलीही शहानिशा न करता प्रथम बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळण्याची जी रीत गॅरेजांतून रूढ आहे, ती माझ्या मते घातक आहे. गाडी बहुतांश काळ सरळ चालत असल्याने बॉक्सच्या आतील भाग मधोमधच अधिक झिजतात. तो मधला प्ले बळाने नाहीसा केला, की कमी झिजलेल्या दोन्ही बाजूंना बॉक्स जखडतो, आणि घाटातल्या वळणानंतर जे स्टिअरिंग आपोआप सरळ यावयास हवे, ते वळलेलेच राहते.

तपासाची योग्य रीत अशी की, गाडी सपाट जागी, चारही चाके जमिनीवर टेकलेली असताना उभी करावी, कारण चाकांवर भार असल्याखेरीज सांधे आपला दोष उघड करीत नाहीत. एकाने स्टिअरिंग अल्पसे डावीउजवीकडे हलवीत राहावे आणि दुसऱ्याने खाली शिरून एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना तत्काळ लागते. स्टिअरिंग हलूनही ड्रॉप आर्म स्तब्ध राहिला, तर संशय बॉक्सवर घ्यावा; आर्म लगेच हलून चाक मागाहून हलले, तर दोष पुढच्या सांध्यांत आहे. मात्र बॉक्सला दोषी ठरविण्यापूर्वी तो स्वतःच चॅसीवर सरकत नाही ना, हे अवश्य पाहावे. मोठ्या टायरांच्या ओढीने त्याचे बोल्ट सैल होतात, क्वचित त्यांच्याभोवतीच्या चॅसीलाही तडा जातो, आणि तो तडा पुष्कळदा वाळलेल्या चिखलाच्या थरात उमटलेल्या एका बारीक, तांबूस रेघेवरूनच ओळखू येतो.

तदनंतर ॲक्सल जॅकवर घेऊन चाक वरखाली धरून हलवावे. प्ले आढळल्यास सहकाऱ्यास ब्रेक दाबून धरावयास सांगावे : प्ले नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग ढिले, कायम राहिला तर किंग पिन झिजलेली.

सर्व सांधे निर्दोष असूनही गाडी रस्त्यावर भटकत असेल, तर मूळ कारण जीप उंच करण्याच्या त्या फेरफारातच शोधले पाहिजे. विलीसच्या किंग पिनला मागे झुकलेला सुमारे ३ अंशांचा कोन असतो व त्याच्याच बळावर चाके सरळ राहू पाहतात; शॅकल पुढच्या टोकाला असणाऱ्या या गाडीत तेच लांब केले, की ॲक्सल पुढे कलतो आणि हा कोन घटतो. पाटा व ॲक्सल यांच्यामध्ये योग्य दिशेने पाचर बसविणे हा त्यावरचा इलाज होय. त्याचप्रमाणे उंचीमुळे ड्रॅग लिंक तिरकी झाली, तर प्रत्येक खड्ड्यागणिक चाक आपण होऊन वळते. तेथे नवे टाय रॉड एंड घालण्यात पैसा व्यर्थ जातो, आणि स्टिअरिंग डँपर लावल्याने तर दोष केवळ झाकला जाऊन आत वाढत राहतो.

बॉक्सची पाळी सर्वांत शेवटी. चाके सरळ ठेवून ड्रॅग लिंक सोडवावी, स्क्रू थोडाथोडाच आवळावा, आणि दर वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे; मध्यभागी किंचित जडपणा लागताच थांबावे, आणि त्याआधीच ते बाजूंना अडू लागले, तर स्क्रू मागे घेऊन बॉक्स उघडण्याची तयारी करावी.