भाऊ, रबर भेटते का?

बालाघाटच्या बाजारात नवी वस्तू हातात घेतली की जुनी माणसं किमतीच्या आधी विचारतात, "भाऊ, याची रबर भेटते का?" रबर म्हणजे कुकरचं गास्केट. पण स्टोव्हची पिन, टॉर्चचा बल्ब, मिक्सरचा कपलर यांच्याबद्दलही प्रश्न तोच. गेल्या पन्नासेक वर्षांत आमच्या घरांत आणि धानाच्या बांध्यांत काय काय आलं, त्यातलं काय टिकलं आणि काय माळ्यावर गेलं, याचा हिशेब मांडायचा तर हाच प्रश्न हाताशी ठेवावा लागतो.

त्याला कारण आहे आमची जागा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याला लागून असलेलं बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. सरकारी कागद भोपाळला, बाजार मात्र गोंदियाला आणि मोठी खरेदी नागपूरला. गोंदिया चाळीसेक किलोमीटर, तेही तेव्हा सातपुड्याच्या छोट्या लाइनीने, म्हणजे नॅरोगेजने. ज्या वस्तूचा सुटा भाग इथल्या दुकानात नाही, ती दुरुस्तीला धाडायची म्हणजे एक अख्खा दिवस आणि तिकिटाचे पैसे. कंपनीचं नाव किती मोठं, याला त्यामुळे फारसं महत्त्व नसे.

कंदिलापासून सुरुवात करू. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर ओळखीचा होता. ओगल्यांचा काचेचा कारखाना 1916 सालचा, तेव्हा कंदिलाची काच परदेशातून यायची. कंदिलात फुटतं काय, तर काच, आणि कारखानाच काचेचा! वात, काच आणि रॉकेल या तीन गोष्टी कुठल्याही किराणा दुकानात मिळत, म्हणून कंदील दोन पिढ्या टिकला. पितळी स्टोव्हचंही तसंच. पिन मोडली की नवी, पंपाचं चामड्याचं वॉशर सुकलं की तेलाचा थेंब. सत्तरच्या दशकात इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राचा नूतन स्टोव्ह आला. त्याला पंप नाही, आवाज नाही, फक्त वाती. रॉकेल कमी लागायचं, पण वाती एकसारख्या कापायला बसावं लागे आणि ते काम घरात कुणालाच आवडत नसे.

टॉर्चची गोष्ट आमच्यासाठी जरा वेगळी. गावाशेजारीच भरवेलीची मँगनीजची खाण आहे, आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून तिचं नाव घेतात. टॉर्चचा जुना सेल फोडला की आत जी काळी पूड निघते, ती मँगनीज डायऑक्साइडची. बाहेरचं डबडं जस्ताचं, मधोमध कार्बनची कांडी, आणि त्या कांडीने पोरं भिंतीवर रेघोट्या ओढायची. भरवेलीचा माल बहुतेक पोलादाच्या कामी जातो, पण शेजारच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉइल ही सरकारी खाण कंपनी बॅटरीत लागणारं मँगनीज डायऑक्साइड तयार करते. एवढं सगळं अंगणात असून सेल मात्र आम्ही बाहेरूनच आलेले विकत घेतो, ते असो. टॉर्चवाल्यांना जुनाच सल्ला: महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवा. सेल गळला की आधी स्प्रिंग सडते, मग टॉर्च जाते.

स्वयंपाकघरात दोन वस्तूंनी खरा फरक केला. पहिली कुकर. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं, प्रेस्टिजचं बाहेरून, आणि कुठलं चांगलं यावर आमच्याकडच्या बायका तासभर बोलू शकतात. दोन्हींची रबर, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गल्लीत फिरणाऱ्या कारागिराकडे मिळतात, म्हणून माझ्या लेखी दोन्ही पास. एकच सांगतो: धानाच्या जिल्ह्यात राहून चिन्नोर तांदूळ मात्र कुकरमध्ये शिजवू नये. 2021 मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या वासासाठी. तो पातेल्यात, झाकण थोडं तिरकं ठेवूनच शिजवावा.

दुसरी वस्तू मिक्सर. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले अभियंते. त्यांच्या घरातलं जर्मन यंत्र आपल्याकडचं वाटण करता करता जळालं आणि दुरुस्तीची सोय इथे नव्हती, अशी हकिगत सांगतात. त्यातून 1963 मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली आणि पुढे सुमीत मिक्सर आला. ओली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड काहीही टाका, मोटर ओढून नेई. जळली तर रिवाइंड होई. मलाजखंडची तांब्याची खाण आमच्याच जिल्ह्यातली, 1982 पासून उत्पादन देणारी. पण गावातला रिवाइंडिंगवाला तांब्याची तार नागपूरहून आणतो. आजचे हलके मिक्सर बघा: प्लॅस्टिकचा कपलर झिजला की तो त्याच मापाचा मिळेल याची खात्री नाही. जुना सुमीत कुणी भंगारात काढत असेल तर मागून घ्या.

2000 साली छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजघरं तिकडे गेली आणि मध्य प्रदेशात भारनियमनाची काही वाईट वर्षं आली. त्या काळात घराघरात चार्जिंगचे इमर्जन्सी दिवे शिरले. आमच्या प्रश्नावर सपशेल नापास झालेली वस्तू हीच. आतली बॅटरी दीड-दोन वर्षांत फुगायची आणि बदलायला मिळायची नाही. किती माळ्यांवर ते दिवे अजून पडून असतील! त्यामानाने 2015 नंतर उजाला योजनेतून स्वस्त झालेला एलईडी बल्ब बरा. तो दुरुस्त होत नाही हे खरं, पण वीज इतकी कमी खातो की तक्रार करवत नाही.

शेतातल्या अवजारांत दोन गोष्टी मनापासून सुचवाव्याशा वाटतात. एक म्हणजे दातेरी विळा. कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा नवीन, दोन्ही त्याच जातीचे. करवतीसारखे दाते असल्याने धान ओढून कापलं जातं, घाव घालावा लागत नाही. पुन्हा पुन्हा धारही लावावी लागत नाही. लोहाराकडे नेण्यासारखा तो नाही, दाते गेले की संपला, पण किंमतच इतकी कमी की आमचा नियम इथे मोडला तरी चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वीडर. ओळीत रोवलेल्या धानात चालवायचं हे साधं हत्यार. कोनो वीडरमध्ये दातेरी पत्र्याचे दोन शंकू एकापुढे एक, उलटसुलट दिशेने बसवलेले असतात, पुढे चिखलात रुतू नये म्हणून एक तरंगणारी पट्टी. पुढे-मागे ढकललं की तण उपटून चिखलात गाडलं जातं आणि तिथेच कुजतं. बांधीत पाणी दोन-तीन सेंटिमीटरच हवं, जास्त असेल तर शंकू नुसते घसरतात. पहिली फेरी रोवणीनंतर दहा-बारा दिवसांनी. निंदण हे बायांचं काम, दिवसभर वाकून करायचं. वीडर आला की तो पुरुष हातात धरतात आणि त्याचा दांडाही बहुधा पुरुषाच्या उंचीचाच असतो. दांड्याला उंची कमीजास्त करायची भोकं असतील तोच घ्या, म्हणजे घरातल्या कुणालाही तो उभ्याने चालवता येईल. बोल्ट सैल झाला, दाते वाकले, तर गावातला वेल्डर दहा मिनिटांत सरळ करून देतो.

अलीकडे रानडुकरांमुळे रात्री शेतावर जाणाऱ्यांच्या कपाळावर हेडलाइट दिसतो. खाणकामगाराच्या टोपीवरचा दिवा असा शेतात आला. हात मोकळे राहतात, काठी धरता येते. घेताना झाकण उघडून सेल बाहेर निघतो का ते बघा, आणि चार्जिंगची पिन तुमच्या मोबाइलचीच आहे का, हेही.

वीडर घ्यायचा असेल तर पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायच्या आधी ठरवा. रोवणी दोरी धरून, पंचवीस सेंटिमीटरच्या ओळींत केली नाही, तर तो एक पाऊलही चालणार नाही.