बॅच कुठं आहे?

सकाळी ६.४५. नाशिकच्या द्वारकेहून निघालेली कंपनीची बस माळेगाव एमआयडीसीत, सिन्नरला पोचते. मोबाइल गेटवर जमा. सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये तो नेता येत नाही, त्यामुळे ‘आवाज रेकॉर्ड करून पाठवतो’ ही सोय नाही. जाऊन ऐकायचं.

७.१०. रात्रपाळीची नोंद: ‘चार नंबरला आवाज येतो.’ बस, एवढीच.

७.३०. चार नंबर हा काचेचं अस्तर असलेला रिॲक्टर. पोलादावर ही काच सुमारे ८०० अंशांना वितळवून बसवतात. बहुतेक आम्लांना ती दाद देत नाही, धक्का मात्र सोसत नाही. ॲजिटेटरचं, म्हणजे आतल्या ढवळणीचं, बेअरिंग झिजलं की शाफ्ट डुलायला लागतो. पातं बॅफलला लागलं तर टवका उडतो आणि आम्ल पोलादाला भिडतं. नव्यानं काच चढवायला गेलेलं भांडं लवकर परत येत नाही.

८.००. फिटरकाका स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवतात, मूठ कानाला लावतात. मला ही पद्धत जुनाट वाटत नाही. गिअरचा खराब दात त्यांना लगेच कळतो. पण २० किलोहर्ट्झच्या वरचं माणसाला ऐकू येत नाही, आणि कोरडं पडणारं बेअरिंग पहिली कुरकुर तिथंच करतं. आमचं यंत्र ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पकडून हेडफोनमध्ये ऐकू येईल इतका खाली आणतं. नेहमीपेक्षा ८ डेसिबल जास्त दिसले की ग्रीस द्यायचं. तेही ऐकत ऐकत, कारण जास्त ग्रीसनं बेअरिंग तापतं.

९.००. आकडा कालच्यापेक्षा बरोबर ८ नं वर. काकांनी ग्रीसगन उचललीसुद्धा.

‘काका, बॅच कुठं आहे?’

‘क्रिस्टलायझेशनला, साहेब.’

म्हणजे मास घट्ट, मोटरचे अँपिअर वाढलेले. कालचा आकडा डिस्टिलेशनचा. कसारा घाट चढणाऱ्या ट्रकची उतरणाऱ्याशी बरोबरी कशी करणार? मागच्या बॅचची क्रिस्टलायझेशनची नोंद काढली. आकडा तोच. गन खाली.

११ ते १. त्याच यंत्रानं स्टीम ट्रॅप, नायट्रोजनच्या गळत्या. कंटाळवाणं, पण स्टीमचे पैसे इथंच वाचतात.

२.१५. बॅच उतरली. परमिट घेतलं, मोटरला कुलूप लावलं, पाहिलं तर कपलिंग गार्डचा बोल्ट सैल. रात्रीचा आवाज त्याचा.

२.४५. नवे इंजिनिअर विचारतात, आवाजावरून सगळंच कळेल का? नाही. तापमान हाताबाहेर चाललं तर गिअरबॉक्स सांगणार नाही. त्यासाठी तापमान आणि दाबाचेच मीटर बघायचे.

३.००. रात्रपाळीच्या मित्रांनो, नुसतं ‘आवाज येतो’ लिहू नका. कुठून येतो, किती आरपीएमला आणि बॅच कुठं होती, एवढं लिहा.